पडद्यावरील मराठी अक्षरें

अलीकडे शाळांतील प्रकल्पांची व प्रदर्शनांची रीत बरीच पालटली आहे. पूर्वीं विद्यार्थी पुठ्ठ्यावर शाईनें व रंगीत खडूनें तक्ते काढीत. आतां ते संगणकावर पॉवरपॉइंटमध्यें स्लाइडी तयार करतात आणि प्रोजेक्टरच्या साह्यानें त्या पडद्यावर दाखवितात. या पालटाविरुद्ध आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु या नव्या रीतींत मराठीची जी दशा होत आहे, ती पाहून चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. घरीं उत्तम दिसणारी स्लाइड सभागृहांत उघडतांच तिचा मथळा नुसत्या रिकाम्या चौकटींचा होतो; कोठें जोडाक्षर फुटून पायमोडकीं अक्षरें उभीं राहतात; कोठें वेलांटी वरच्या ओळींत शिरते; तर कोठें मराठी मजकुराच्या जागीं इंग्रजी अक्षरांची निरर्थक गर्दी दिसूं लागते. श्रोते हंसतात, विद्यार्थी भांबावतो, आणि पुढच्या वर्षीं तोच विद्यार्थी, विषय संत तुकारामांचा असो कीं सह्याद्रीचा असो, आपल्या स्लाइडी इंग्रजींत करून आणतो. कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें: "मराठी अक्षरें बिघडतात."

हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. अक्षरें आपण होऊन बिघडत नसतात. प्रत्येक बिघाडास कांहीं कारण असतें, हीं कारणें मोजकींच आहेत, आणि तीं ओळखण्याची विद्या आठवींतल्या मुलासही दोन तासांत शिकतां येते. ती शिकविण्याचें टाळून आपण मुलांस इंग्रजीकडे पळूं देतों, हें आमच्या मतें शाळेचें व घराचें दोघांचेंही उणें आहे. प्रदर्शनास येणाऱ्या पालकांत ज्यांचें वाचन मराठीपुरतेंच आहे अशा माता-पित्यांची व आजी-आजोबांची संख्या थोडी नसते. आपल्या मुलानें काय केलें हें पाहण्यासाठीं कामाचा खाडा करून आलेली आई इंग्रजी स्लाइडींपुढें मुकाट्यानें उभी राहून परत जाते. अक्षरांच्या एका दुरुस्त होण्याजोग्या दोषामुळें तिला हें सोसावें लागावें, यासारखी खेदाची गोष्ट नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. संगणकांतील मजकुराचीं दोन अंगें असतात, आणि हा भेद ज्यास कळला त्यास अर्धें अधिक काम साधलें असें समजावें. एक अंग म्हणजे अक्षर, आणि दुसरें म्हणजे त्या अक्षराचा वेष. 'क' हें अक्षर संगणक चित्र म्हणून ठेवीत नाहीं, तर एका ठराविक क्रमांकाच्या रूपानें ठेवतो. तो क्रमांक पाहून त्याला कोणतें वळण द्यावयाचें हें फॉन्ट ठरवितो. भारतांत असे क्रमांक निश्चित करण्याचा इस्की नांवाचा संकेत १९८८ च्या सुमारास पुढें आला, आणि १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडनें त्याच क्रमाच्या आधारें देवनागरीस १२८ स्थानांचें एक दालन दिलें. युनिकोडांत लिहिलेला 'क' मुंबईंत, मॉरिशसमध्यें वा लंडनमध्यें कोणत्याही संगणकावर 'क' च राहतो. पालटतो तो केवळ त्याचा वेष.

म्हणून स्लाइड बिघडलेली दिसतांच प्रथम एकच प्रश्न विचारावा: बिघाड अक्षरांत आहे कीं वेषांत? परीक्षा फार सोपी आहे. तो मजकूर उचलून नोटपॅडसारख्या साध्या कार्यक्रमांत चिकटवावा, जेथें रंग, आकार व सजावट यांस मुळीं थाराच नाहीं. तेथें मराठी नीट वाचतां आली, तर अक्षरें शाबूत आहेत, दोष वेषाचा आहे. तेथेंही इंग्रजी अक्षरांची गर्दीच दिसली, तर मजकूर मुळांत मराठी नाहींच असें जाणावें.

हें शेवटलें वाक्य वाचून पुष्कळांस नवल वाटेल, म्हणून जरा उलगडून सांगतों. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीं संगणकावर मराठी उमटविण्याची एक युक्ति निघाली होती. इंग्रजी अक्षरांच्या स्थानीं देवनागरीच्या आकृति बसविलेले फॉन्ट बनविले गेले. लिहिणारा इंग्रजी बटन दाबी आणि पडद्यावर मराठी आकृति दिसे. कृतिदेव नांवाच्या प्रसिद्ध फॉन्टांत 'मराठी' हा शब्द लिहावयाचा तर ई, जे, के, मोठा बी व एच हीं इंग्रजी अक्षरें या क्रमानें दाबावीं लागतात. संगणकाच्या लेखीं तो मजकूर या पांच इंग्रजी अक्षरांचाच असतो. ज्या संगणकांत कृतिदेव नाहीं, तेथें बुरखा गळून पडतो आणि खालचीं इंग्रजी अक्षरें उघडीं होतात. यावर कडी म्हणजे पॉवरपॉइंटची आपोआप चुका सुधारण्याची संवय. वाक्याचें पहिलें अक्षर मोठें असावें हा इंग्रजीचा नियम. तो पाळण्यासाठीं हा कार्यक्रम आरंभींच्या लहान ईचा मोठा ई करतो. कृतिदेवांत लहान ई म्हणजे पूर्ण 'म' आणि मोठा ई म्हणजे अर्धा 'म्'. परिणामीं 'मराठी' ची 'म्राठी' होते! विद्यार्थी दहादां दुरुस्त करतो, आणि संगणक दहादां त्याची दुरुस्ती मोडतो. संगणकास भूतबाधा झाल्याचें आमच्या कानावर आलें आहे. बाधा असते ती एवढीच.

यावर खरा उपाय एकच. असा जुना मजकूर परिवर्तकानें युनिकोडांत आणावा, किंवा तो दोन-चार ओळींचाच असेल तर सरळ नव्यानें लिहून काढावा. परिवर्तन केलेला मजकूर डोळ्यांखालून घातल्यावांचून मात्र वापरूं नये. ऱ्हस्व इकार व रफार यांचीं स्थानें जुन्या पद्धतींत निराळीं असल्यामुळें तेथें हटकून चुका राहतात. कार्यालयांतून वा छापखान्यांतून मिळालेला जुना मजकूर सोडला, तर नव्या विद्यार्थ्यानें या फॉन्टांच्या वाटेस जाण्याचें आज कांहींच कारण उरलेलें नाहीं.

अक्षरें शाबूत असून वेष बिघडला असेल, तर बहुधा असें झालेलें असतें: ज्या फॉन्टांत स्लाइड रचली तो फॉन्ट सभागृहांतील संगणकांत नसतो. संगणक मग हाताशीं असेल तो दुसरा फॉन्ट परस्पर वापरतो. त्याचीं अक्षरें जाड वा रुंद असलीं कीं ओळी वाढतात, मथळा चौकटीबाहेर जातो आणि चित्रावर मजकूर चढतो. त्या दुसऱ्या फॉन्टांत एखादें अक्षर नसेलच, तर त्याच्या ठिकाणीं रिकामी चौकट येते. 'ॲ' हें अक्षर युनिकोडांत २००८ सालीं आल्यामुळें कांहीं जुन्या फॉन्टांत तें सांपडत नाहीं. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं घडविलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २००० पासून संगणकाबरोबर येऊं लागला आणि पुष्कळांनीं पडद्यावर पहिली शुद्ध मराठी त्याच्याच रूपांत पाहिली. पण विंडोज १० मध्यें तो मूळ संचांतून निघून ऐच्छिक संचांत गेला, आणि २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर आलेला 'निर्मला यूआय' सर्वत्र राहिला. म्हणजे मंगलमध्यें रचलेली जुनी स्लाइड नव्या संगणकावर निराळी दिसली, तर त्यांत आश्चर्य कांहींच नाहीं.

यांतून सुटण्याची एक वाट अशी कीं फॉन्ट फाइलीबरोबरच पाठवावा. पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्यें सेव्ह या सदराखालीं 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' अशी सोय आहे. तींतही केवळ वापरलेलीं अक्षरें न घेतां सर्व अक्षरें घेण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे सभागृहांत ऐन वेळीं एखादा शब्द बदलतां येतो. फॉन्टाच्या कर्त्यानें परवानगी ठेवलेली असेल तरच हें साधतें. म्हणून मुक्तपणें वापरतां येणारा फॉन्ट मुळांतच निवडणें बरें. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें केलेला 'मुक्ता' किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' असे चांगले पर्याय विनामूल्य उपलब्ध आहेत. पॉवरपॉइंटची आणखी एक गंमत लक्षांत ठेवावी. तो इंग्रजीसाठीं एक व देवनागरीसारख्या लिप्यांसाठीं दुसरा असे दोन फॉन्ट एकाच मजकुरास बांधून ठेवतो. विद्यार्थी वरच्या यादींतून नवा फॉन्ट निवडतो, इंग्रजी शब्द बदलतात, मराठी मात्र जागची हालत नाहीं. कारण त्यानें निवडलेल्या फॉन्टांत देवनागरी अक्षरेंच नसतात. यादींत नांव दिसलें म्हणजे मराठी आलीच असें नव्हे.

आतां आकार व अंतर यांविषयीं. येथें दोष फॉन्टाचा नसून आपल्या हौसेचा असतो. एका स्लाइडींत सारा धडा कोंबावयाचा, आणि मग पॉवरपॉइंटनें चौकटींत मावावें म्हणून अक्षरें आपोआप बारीक केलीं कीं तक्रार करावयाची, हा न्याय नव्हे. मजकूर उतूं जाऊं लागला कीं 'शृंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो' ही सोय अक्षरांबरोबर दोन ओळींमधील अंतरही कमी करते. इंग्रजीस तें खपतें. मराठीस खपत नाहीं. इंग्रजी अक्षर बहुतांशीं एका पट्टींत बसतें. आमच्या अक्षरास वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, आणि खालीं उकार व ऋकार असा दुहेरी पसारा आहे. अंतर आवळलें कीं वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात आणि 'कु' व 'कू' यांतील भेदच दिसेनासा होतो. म्हणून ही सोय बंद करावी, ओळींतील अंतर ठराविक पॉइंटांत बांधून न टाकतां पटींत ठेवावें, आणि मजकूर मावत नसेल तर दुसरी स्लाइड घ्यावी. त्याचप्रमाणें मथळा भारदस्त दिसावा म्हणून अक्षरा-अक्षरांतील अंतर वाढविण्याची जी इंग्रजी तऱ्हा आहे, ती देवनागरीस लावूं नये. शिरोरेषा तुटते, आणि शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो.

दोष शोधतांना मुलें हटकून एक गोष्ट करतात, ती आम्हांस सर्वांत अधिक खटकते. प्रत्येक स्लाइडीवर ते निरनिराळी मलमपट्टी करीत बसतात. एकीवर अक्षर २८ चें, दुसरीवर २६ चें. ओळ सरळ यावी म्हणून मध्यें आठ-दहा स्पेस. पुढचा मुद्दा खालीं जावा म्हणून चार वेळां एंटर. घरच्या पडद्यावर हें सारें जुळतें आणि सभागृहांत फॉन्ट वा पडद्याचें प्रमाण बदलतांच कोसळतें. पॉवरपॉइंटच्या २०१३ च्या आवृत्तीपासून नव्या स्लाइडीचें प्रमाण पूर्वींच्या ४:३ ऐवजीं १६:९ असें झालें. जुनी व नवी स्लाइड एकत्र केली कीं हाताने जुळविलेलें सारें विस्कटतें. याऐवजीं 'स्लाइड मास्टर' मध्यें एकदांच मथळ्याचा व मजकुराचा फॉन्ट, आकार व अंतर ठरवावें, आणि सर्व स्लाइडींस तें आपोआप लागूं द्यावें. दुसरीकडून मजकूर आणतांना त्याचा जुना वेष बरोबर घेऊं नये. 'कीप टेक्स्ट ओन्ली' या पर्यायानें केवळ अक्षरें आणावींत. कोणी आधींच घोळ घातला असेल, तर मजकूर निवडून कंट्रोल व स्पेस हीं बटनें एकत्र दाबावीं, म्हणजे वरवरची सजावट उतरते. आणि 'रीसेट' केल्यानें स्लाइड मास्टरच्या आज्ञेंत परत येते.

कांहीं दोष मात्र खरोखरच लिहिणाऱ्याचे असतात, आणि ते वेष बदलून जात नाहींत. अक्षराऐवजीं ठिपक्यांचें वर्तुळ दिसलें, तर तेथें आधाराचें व्यंजन नसतां काना, मात्रा वा वेलांटी एकटीच पडलेली आहे, किंवा एकाच अक्षरास दोनदां लागलेली आहे, असें समजावें. ती पुसली कीं वर्तुळ जातें. याहून महत्त्वाचा प्रश्न मराठीच्या खास 'ऱ्य' चा आहे. सह्याद्रीच्या दऱ्या दाखवावयाच्या आणि स्लाइडीवर 'सह्याद्रीच्या दर्या' असें लिहावयाचें, म्हणजे डोंगरांत समुद्र आणून सोडणें होय. 'आचार्यांनीं' आणि 'आचाऱ्यांनीं' यांत तर गुरु कोण व स्वयंपाकी कोण, एवढा भेद आहे; वार्षिक समारंभाच्या आभाराच्या स्लाइडीवर अशी चूक झाली, तर ती साधी राहत नाहीं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर जे बटनानें 'र' उमटतो आणि शिफ्टसह जे दाबल्यानें 'ऱ'; त्या 'ऱ' पुढें हलन्त व 'य' दिला कीं शुद्ध रूप मिळतें. ही एक कळ माहीत नसल्यामुळें शाळकरी मुलांच्याच नव्हे, तर रस्त्यावरच्या फलकांच्या मराठींतूनही 'ऱ्य' हळूहळू नाहींसा होत चालला आहे. 'ल' व 'श' यांचींही तीच कथा. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वळणाचे 'ल' व 'श' ठरवून दिले आहेत, आणि पुष्कळ फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात. एवढ्यावरून स्लाइड अशुद्ध ठरवावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मराठी वळणाचा फॉन्ट सहज मिळत असतां दुसरा कां घ्यावा?

एवढा काथ्याकूट कशाला, मजकूर महत्त्वाचा, अक्षरांचें काय, असें कोणी म्हणतील. मिशनच्या शाळेंत तरी हा प्रश्न शोभत नाहीं. मराठी मुद्रणाचा आरंभच मुळीं अक्षरांच्या अशा काथ्याकुटांतून झाला आहे. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास, म्हणजे मराठी मुलखापासून शेंकडों कोस दूर बंगालमध्यें, छापलें गेलें, आणि त्यांतील मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनीं जुळविलेले होते. पुढें मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरीचे खिळे सुबक करण्यासाठीं परिश्रम घेतले. त्याच छापखान्यांत काम शिकलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना नांवारूपास आणला, आणि त्याच्या वळणदार अक्षरांचा लौकिक देशभर झाला. इंग्रजीस जेथें थोडे खिळे पुरत, तेथें देवनागरीच्या जुळाऱ्यास काने, मात्रा, अर्धीं अक्षरें व जोडाक्षरें मिळून शेंकडों खिळ्यांचीं घरें सांभाळावीं लागत, आणि प्रत्येक खिळा उलट्या आकृतीचा. इंग्रजींत छापणें सोपें म्हणून त्या मंडळींनीं मराठी सोडून दिली असती, तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातीं मराठी क्रमिक पुस्तक पडलें नसतें. आजच्या विद्यार्थ्याचें काम त्यांच्या मानानें शतांशही नाहीं. पॉवरपॉइंट १९८७ सालीं जेव्हां प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठीं निघाला, तेव्हां मराठीचा विचार त्याच्या कर्त्यांपुढें नव्हता. आतां तो कार्यक्रम मराठी जाणतो, आणि अडचण बहुधा आपल्या अज्ञानाची उरली आहे.

एक पळवाट मात्र आम्ही स्पष्ट शब्दांत निषिद्ध मानतों. मराठी मजकुराचें छायाचित्र करून तें स्लाइडीवर चिकटविलें कीं अक्षरें मोडत नाहींत, हें खरें. पण मग त्यांत शब्द शोधतां येत नाहीं, चूक सुधारतां येत नाहीं, मोठें केलें तर कडा धुरकट होतात. आणि ज्या विद्यार्थ्यास दृष्टि नाहीं, त्याचा संगणक त्याला तें वाचून दाखवूं शकत नाहीं. युनिकोडांतील मजकूर तो वाचून दाखवितो. जुन्या फॉन्टांतील मजकूर तर चित्राहून वाईट. तो इंग्रजी अक्षरेंच बडबडत सुटतो. दृष्टिहीन सोबत्यास वर्गांत बसूं द्यावयाचें आणि स्लाइड मात्र त्याला बंद ठेवावयाची, हें आम्हांस पटत नाहीं.

शिक्षकांस आमची विनंति अशी कीं, प्रकल्पाचे गुण देतांना मराठीचें शुद्धलेखन व अक्षरांची मांडणी यांसही कांहीं गुण राखून ठेवावेत, आणि शाळेनें एक युनिकोड फॉन्ट व एक तयार स्लाइड मास्टर ठरवून तो सर्व वर्गांस द्यावा. तोच फॉन्ट सभागृहांतील संगणकांत आधींच बसवून ठेवला, कीं निम्म्या तक्रारी तेथेंच संपतील. पालकांनींही मुलाची स्लाइड एकदां वाचून पाहावी. त्यासाठीं संगणकाचें ज्ञान लागत नाहीं, मराठी वाचतां आलें म्हणजे झालें. छापखान्यांत अंक छापण्यापूर्वीं मुद्रितें तपासतात, त्याप्रमाणें प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं प्रत्येक स्लाइड सभागृहांतल्याच पडद्यावर, शेवटच्या बाकावर बसून, एकदां वाचावी. सर्व जुळलें म्हणजे त्याच फाइलीची पीडीएफ प्रत काढावी आणि ती मूळ फाइलीशेजारीं त्याच पेनड्राइव्हवर ठेवावी. हलत्या चित्रांचा दिमाख तींत नसतो, पण अक्षरें जशींच्या तशीं राहतात, आणि ऐन वेळीं मूळ फाइलीनें दगा दिला तर तीच पडद्यावर लावून व्याख्यान मराठींत पुरें करतां येतें.